हमसायाची शाळा

मे महिना सरत आला, कपाशीच्या बियाण्याची चौकशी सुरू झाली, की परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या झरीत आणखी एक चौकशी सुरू होते. "सर, बच्चे को किधर डालना?" भिंतीला भिंत लागून राहणारा मराठी शेजारी तेच विचारतो, "सर, पोराला कुठं टाकावं?" बोली दोन आहेत, काळजी एकच आहे. आणि ज्याला हे विचारले जाते तो शिक्षक उत्तर देताना जरा अडखळतो. कारण उत्तर देणाऱ्याचाही या प्रश्नात वाटा असतो. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक आहोत. पटावर मुले असतील तर आमचे पद राहते, पट घसरला तर आम्ही 'अतिरिक्त' ठरतो. त्यामुळे "आपल्याच शाळेत टाका" असे आम्ही म्हणतो तेव्हा ते मुलाच्या भल्यासाठी म्हणतो की आपल्या पदासाठी, हे आधी आपल्या मनाला विचारून घेणे आम्हाला गरजेचे वाटते. या लेखात आम्ही तो प्रश्न शक्य तितका स्वार्थ बाजूला ठेवून तपासणार आहोत.

वरवर पाहता हा सोयीचा प्रश्न आहे. कोणती शाळा जवळ आहे, कुठे शिक्षक पुरे आहेत, कुठे खर्च कमी आहे, एवढे पाहावे आणि नाव टाकून मोकळे व्हावे. पण मोठ्या गावातले पर्याय मोजून पाहा. जिल्हा परिषदेची मराठी शाळा, उर्दू माध्यमाची शाळा, संस्थेची अनुदानित शाळा, परभणीकडे मुले वाहून नेणारी पिवळी गाडी, पाचवीतल्या हुशार मुलासाठी नवोदयची परीक्षा, आणि गरिबासाठी खासगी शाळेतल्या पंचवीस टक्क्यांची सोडत. यातला प्रत्येक पर्याय निवडताना आपण आपल्या मुलाबरोबर दुसऱ्यांच्या मुलांबद्दलही काहीतरी ठरवत असतो. म्हणून हा प्रश्न सोयीचा राहत नाही, तो नीतीचा होतो.

'शेजारशाळा' ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. जात, धर्म, पंथ, श्रीमंती-गरिबी न पाहता एका परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत जावीत, असे त्या आयोगाने सुचवले. त्यामागचा हेतू साधा होता. तहसीलदाराचे मूल आणि हमालाचे मूल एका बाकावर बसले, तर त्या शाळेचे छप्पर गळू देण्याची कोणाची हिंमत होणार नाही. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समान शाळेचे हे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात मात्र देश उलट्या दिशेने चालत गेला. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने शेजारशाळेला अंतराचे माप दिले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. कोठारी आयोगासाठी शेजार म्हणजे माणसे होती, कायद्यात तो किलोमीटर झाला.

इथे आमच्या, म्हणजे उर्दू-मराठी शेजाराच्या गावांची एक खास अडचण सुरू होते. एकाच गल्लीतली दोन मुले सहा वर्षांपर्यंत एकत्र विटी-दांडू खेळतात. सातव्या वर्षी एक उर्दू शाळेत जाते, दुसरे मराठी शाळेत. दोन्ही शाळा सरकारी, दोन्ही फुकट, दोन्ही एक किलोमीटरच्या आत. कायद्याच्या मापाने दोन्ही शेजारशाळा आहेत, पण शेजारी मात्र वेगळे झाले. उर्दूचा शिक्षक म्हणून आम्हाला हे डोळ्यांआड करता येत नाही.

मग उर्दू शाळाच नको, असे म्हणावे काय? इतक्या घाईने तसे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण मराठवाड्याच्या इतिहासातच आहे. निजामाच्या राज्यात उर्दू ही सरकारी भाषा होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. एका देशी भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे खरे. पण परभणीच्या, नांदेडच्या मराठी घरातल्या मुलाला शिकून पुढे जायचे तर घरची भाषा उंबऱ्यावर ठेवून जावे लागे, हेही तितकेच खरे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर पारडे फिरले आणि कोर्टकचेरीची भाषा हळूहळू बदलली. तेव्हा ज्याची घरची भाषा उर्दू होती त्याला तोच अनुभव दुसऱ्या बाजूने आला. म्हणजे भाषा हिरावली की मुलाचे काय होते, हे या मातीतल्या दोन्ही शेजाऱ्यांनी आळीपाळीने भोगले आहे. १९५६ साली राज्यघटनेत आलेले कलम ३५०-अ हे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे सांगते. त्याआधी १९५३ साली युनेस्कोच्या अहवालानेही मूल शिकवण्याचे सर्वांत चांगले माध्यम मातृभाषा आहे असा निर्वाळा दिला होता. त्यामुळे उर्दू शाळा ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे.

पण हक्क आहे म्हणून तो प्रत्येकाने वापरलाच पाहिजे असे होत नाही. आणि आमच्या मुलांची घरची भाषा पुस्तकातली उर्दू आहे, हेही अर्धेच खरे. घरात बोलली जाते ती दखनी. तिच्यात मराठीचे कितीतरी शब्द मिसळले आहेत, आणि 'नको'चे 'नक्को' तर तिने कायमचे आपलेसे करून घेतले आहे. पहिलीत येणाऱ्या मुलाला वर्गातली उर्दू दखनीपेक्षा जड वाटते आणि मराठी शाळेतली प्रमाण मराठीही जड वाटते. म्हणून माध्यमाची निवड धर्माच्या नावावर करू नये. मुलाला काय समजते, घरात कोण वाचून घेऊ शकते आणि पुढची वाट कुठे जाते, या तीन गोष्टी पाहाव्यात. ज्या घरातली आई उर्दू वाचते, तिथे मुलाचा पहिला अभ्यास आईच्या मांडीवर होतो. उर्दू शाळेत ती बिनधास्त येते आणि शिक्षकाशी बोलते. मुलीचे शिक्षण चालू राहण्यात याचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या बाजूला सातबारा मराठीत आहे, तलाठ्याचे काम मराठीत आहे, पोलीस भरतीचा पेपर मराठीत आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून तिची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. आमच्या मते उर्दू शाळेने मराठी तोंडी लावण्यापुरती शिकवणे हा मुलांवर अन्याय आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण सांगत आलो की मराठी ही आपलीही भाषा आहे. हे खरे असेल तर ते उर्दू शाळेच्या फळ्यावरही दिसले पाहिजे.

आता बापाच्या बाजूने पाहू. बाप म्हणतो, "सर, शाळा सुधारायला पाच वर्षं लागतील. तवर माझं पोर मोठं होऊन जाईल." या बोलण्याला उत्तर नाही. मूल ही अमानत आहे आणि तिच्यावर समाजसुधारणेचे प्रयोग करण्याचा हक्क कोणालाच नाही, बापालाही नाही. ज्या शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक आहे, तिथून मूल काढणाऱ्याला स्वार्थी म्हणणारा माणूस बहुधा स्वतः त्या शाळेजवळ राहत नसतो. अॅडम स्विफ्ट या इंग्रज तत्त्वज्ञाने पालकांच्या याच कोंडीवर २००३ साली एक पुस्तक लिहिले. आपले मूल पुरेसे चांगले शिकावे ही इच्छा आणि आपले मूल इतरांच्या पुढे निघावे ही इच्छा, यांतला फरक तिथे फार महत्त्वाचा ठरतो. पहिली इच्छा प्रत्येकाची पुरी होऊ शकते. दुसरी सगळ्यांची पुरी होऊच शकत नाही, कारण कोणीतरी मागे राहिल्याशिवाय कोणी पुढे निघत नाही. पिवळ्या गाडीकडे पाहताना आपण कोणती इच्छा बाळगून आहोत, हे ज्याने त्याने ओळखावे. शाळेत शिक्षक नाही म्हणून जाणे वेगळे. मजुराच्या पोरांत आपले पोर बसायला नको म्हणून जाणे वेगळे.

जाण्याचा परिणाम मात्र हेतू पाहत नाही. तो हिशेब पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक सांगितले आहेत. राज्याच्या संचमान्यतेचे निकष यात वेळोवेळी फेरफार करतात, पण हिशेबाची जात तीच राहते. समजा, शाळेत एकसष्ट मुले आहेत. एक बाप आपले एक मूल काढून नेतो. त्याच्या दृष्टीने एकच मूल गेले, पण अनुसूचीच्या हिशेबाने तिसऱ्या शिक्षकाचा आधार गेला. उरलेल्या साठ मुलांचे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. ते पाहून आणखी पाच बाप विचार करू लागतात. कोणी कोणाचे वाईट चिंतलेले नाही, प्रत्येकाने आपल्या मुलाचे भले पाहिले, आणि तरी शेवटी शाळा ओस पडली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वाडी-तांड्यांतून विरोध झाला. तो विरोध योग्यच होता. पण पट वीसच्या खाली आपोआप येत नाही. वाड्यांवर मुलांची संख्याच घटली हे एक कारण असते, आणि एकेक करून निघालेली मुले हे दुसरे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ही गोष्ट नेमकी मांडली होती. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. शाळेच्या बाबतीत घात असा होतो की सर्वांत आधी बाहेर पडणारे पालक तेच असतात, ज्यांच्या आवाजाला वजन असते. शिकलेला बाप, पंचायतीत ओळख असलेला चुलता, अर्ज लिहू शकणारी आई. ते गेल्यावर शाळेत उरतात ती ऊसतोडीला जाणाऱ्याची, विधवेची, रोजंदारीवाल्याची मुले. शाळेला आवाजाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तिचा आवाज गेलेला असतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. पण सही कुठे करायची एवढेच विचारणारे पालक उरले, तर ती समिती कागदावरच राहते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात १९८१ पासून सरकारचा पैसा मुलामागे खासगी शाळेलाही मिळू लागला. पालक शाळा निवडतील, शाळांत चुरस लागेल आणि सगळ्याच सुधारतील, असा हिशेब होता. झाले असे की ऐपतवाल्यांची मुले नगरपालिकांच्या शाळांतून निघून गेली आणि ऐपतीप्रमाणे शाळा वेगळ्या झाल्या. २००६ साली तिथले शाळकरी विद्यार्थीच रस्त्यावर उतरले. शेवटी २०१५ साली कायदा करून सरकारी मदत घेणाऱ्या शाळांची मुले निवडण्याची मुभा आणि फी यांना लगाम घालावा लागला.

पण म्हणून 'शेजारच्याच शाळेत जा' हे तत्त्व नेहमी न्यायाचेच असते असेही नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपीका गावी लिंडा ब्राउन या काळ्या मुलीला घराजवळची शाळा बंद होती, कारण ती गोऱ्यांची होती. १९५४ च्या प्रसिद्ध निकालाने ती वाट उघडली. पुढे गोऱ्यांनी वस्त्याच वेगळ्या केल्या, आणि 'ज्याने त्याने आपल्या शेजारच्या शाळेत जावे' हाच युक्तिवाद काळ्या मुलांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. आपल्याकडे २०२४ साली काहीसे तसेच झाले. फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्के गरीब मुले घेण्यातून सूट मिळाली. म्हणजे श्रीमंताच्या मुलाने गावभर शाळा शोधावी आणि गरिबाच्या मुलाने मात्र शेजारशाळेचे तत्त्व पाळावे. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आमच्या मते या प्रकरणाचा धडा असा की जे बंधन फक्त गरिबावर असते त्याला तत्त्व म्हणत नाहीत, त्याला कुंपण म्हणतात.

हाच नियम आपल्यालाही लावून पाहावा. अल्पसंख्याकांच्या संस्थांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शिक्षण हक्क कायद्यातून सूट मिळाली. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या सूटीबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. निकाल काय लागेल तो लागो. पण आपल्या समाजाने काढलेल्या शाळेत आपल्याच मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याच्या मुलीला जागा आहे की नाही, हे पाहायला न्यायालयाची वाट कशाला हवी?

आणि आम्ही शिक्षक? ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आदेश दिला होता की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. त्या आदेशावर देशभर चर्चा झाली, पण प्रत्यक्षात फारसे काही हलले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांची मुले शहरात इंग्रजी शाळेत जातात, हे गावाला ठाऊक असते. गाव तोंडावर बोलत नाही एवढेच. शिक्षकही बाप आहे आणि बापाला जी मुभा आहे ती त्यालाही आहे, हे आम्ही मानतो. पण जो स्वतः जात नाही त्याने दुसऱ्याला थांब म्हणू नये. आणि सरकारी शाळा टिकली पाहिजे असे ज्याला वाटते, त्याने हा प्रश्न शेतमजुराला सर्वांत शेवटी विचारावा. आधी स्वतःला, मग सरपंचाला, मग अधिकाऱ्याला विचारावा.

नवोदयचे काय? १९८६ च्या धोरणातून ही विद्यालये निघाली. सहावीत जास्तीत जास्त ऐंशी मुले घेतात, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि परीक्षा उर्दूतूनही देता येते. खेड्यातल्या मुलाला एवढी चांगली सरकारी शाळा दुसरी सहज मिळत नाही. हुशार मुलाला तिथे पाठवणे यात काही गैर नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा एका मुलाच्या तयारीसाठी पाचवीचा सगळा वर्ग बाजूला पडतो आणि गावात फटाके वाजतात. निवडलेल्याचे कौतुक जरूर व्हावे, पण मागे राहिलेल्या एकोणतीस मुलांना वाचता येते का, हेही त्याच दिवशी विचारले जावे.

शेजाऱ्याला उर्दूत हमसाया म्हणतात. हम म्हणजे एकत्र आणि साया म्हणजे सावली. एका सावलीत राहणारे ते हमसाये. मराठी मुलखात या शब्दाचा अर्थ जगून दाखवणारा एक माणूस होऊन गेला. जोतीराव फुल्यांची शाळा लहानपणी सुटली होती. मुलगा मळ्यात कामाला लागला होता. शेजारी राहणाऱ्या गफार बेग मुन्शींनी आणि लिजिट साहेबांनी गोविंदरावांना समजावले, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. गफार बेग मुन्शींना त्यात काय मिळायचे होते? मुलगा त्यांचा नव्हता, जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता. शेजारचा होता, एवढेच. पुढे त्याच घरातून मुलींच्या शाळा निघाल्या, आणि सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते. लक्षात घ्या, मुन्शींनी गोविंदरावांना 'जवळच्याच शाळेत घाला' असा सल्ला दिला नव्हता. मूल जिथे शिकेल तिथे घाला, असा दिला. पण त्यांनी दुसऱ्याच्या मुलाची काळजी आपली मानली होती.

आमच्या विचाराने या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. शेजाराचे बंधन हे अमुक इमारतीत नाव टाकण्याचे बंधन नाही. आपल्या निवडीनंतर मागे कोण राहिले याची चौकशी करण्याचे ते बंधन आहे. म्हणून मूल काढण्याआधी एक वर्ष तरी आवाज उठवून पाहावा. समितीच्या बैठकीला जावे, रिक्त पदासाठी चार पालकांनी मिळून परभणीला जिल्हा परिषदेत अर्ज द्यावा. तरीही काही हलले नाही तर मूल न्यावे, त्यात कमीपणा नाही. पण नेल्यावरही त्या शाळेच्या ग्रामसभेतल्या ठरावाला हात वर करावा. जकातीचा आणि देणगीचा पैसा निघतो तेव्हा मोहल्ल्यातल्या शाळेत शिकणाऱ्या गरीब मुलांच्या वह्यांची आणि संध्याकाळच्या वर्गाची आठवण ठेवावी. ज्यांची ऐपत झाली आहे, त्यांच्याकडून समाजाने एवढे मागण्यात गैर नाही.

आणि दोन माध्यमांच्या शाळांनी एकमेकींची सावली वाटून घ्यावी. २६ जानेवारीची प्रभातफेरी एक असू शकते, मैदान एक असू शकते. मराठी शाळेतल्या बाईंनी आठवड्याला दोन तास उर्दू शाळेत मराठी शिकवावे, आणि उर्दू शाळेतल्या गणिताच्या सरांनी तिकडे जावे, यासाठी लाखांचा निधी लागत नाही. केंद्रप्रमुखांची परवानगी आणि दोन मुख्याध्यापकांची तयारी लागते. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरसाला दोन्ही धर्मांची माणसे एकत्र जातात, गर्दीत एकमेकांची मुले सांभाळतात. ते वर्षातून काही दिवस होते. शाळा जवळपास सव्वादोनशे दिवस भरते.

यंदा कोणी विचारले, "बच्चे को किधर डालना?" तर आम्ही सरळ उत्तर देणार नाही. आधी विचारू की घरात कोण वाचते, मुलाला काय समजते, दहावीनंतर काय ठरवले आहे. त्यानंतर बाप मराठी शाळा म्हणाला तर उर्दू घरी शिकवण्याचा मार्ग सांगू. उर्दू शाळा म्हणाला तर मराठी पक्की करून घेण्याची जबाबदारी आम्ही घेऊ. शहरातली शाळा म्हणाला तर त्याचीही माहिती काढून देऊ. आणि शेवटी एक प्रश्न विचारू, तुमच्या शेजारचे मूल कुठे चालले आहे? बहुतेकांना याचे उत्तर माहीत नसते. ते माहीत करून घ्या, एवढेच आमचे सांगणे आहे.